एका दमात कोलेसिस्टेक्टमी

सभागृहाबाहेर चपलांचा ढीग पडला होता आणि आत दीर्घशब्द महाराज आजाऱ्यांना मंत्र वाटत होते. गुडघे धरलेल्या शिंप्याला मिळाला ‘ऑस्टिओआर्थ्रायटिस’. एका दमात म्हणायचा. अडखळला तो पापी. शिंपी अडखळला आणि ढसाढसा रडला. लोक गहिवरले. माझं डोकं तडकलं.

कारण पहिल्या रांगेत माझी आत्या होती. तिच्या पित्ताशयात खडे होते, आता सूजही आली होती. ऑपरेशन लांबवलं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

“सुरी कशाला?” आत्या म्हणायची. “महाराजांनी कोलेसिस्टेक्टमी दिलीय. कळ आली की जपते, कळ जाते.”

शेवटी मी डॉक्टरीणबाईंनाच हातापाया पडून तिथे आणलं.

“हा मंत्र जरा तोडून बघू?” त्यांनी विचारलं.

“मंत्र तोडणाऱ्याची जीभ झडते,” महाराज गरजले.

“बघू या. कोले म्हणजे पित्त. सिस्ट म्हणजे पिशवी. एक्टमी म्हणजे कापून काढणं. जुने ग्रीक शब्द आहेत, एकमेकांना जोडलेले. आता म्हणा, को-ले-सिस्-टेक्-ट-मी. जोर ‘टेक्’वर द्या.”

सगळं सभागृह म्हणालं. शिंपीसुद्धा. कुणाचीही जीभ झडली नाही.

आत्याने बोटांवर तुकडे मोजले. “म्हणजे ऑपरेशन टळावं म्हणून मी ऑपरेशनचंच नाव जपत होते?”

“हो, मावशी.”

“मग कळ कशी जायची?”

“खडा अडकला की कळ येते, सरकला की जाते. गप्प बसला असतात तरी गेली असती. पण एखाद्या दिवशी तो सरकणार नाही.”

“अर्थ गौण आहे, नाद मुख्य,” महाराज घाम पुसत म्हणाले.

“आणि माझ्या मंत्राचा अर्थ काय हो?” शिंप्याने विचारलं.

“ऑस्टिओ हाड, आर्थ्र सांधा, आयटिस सूज.”

“म्हणजे मी देवापुढे सूज, सूज म्हणत बसलोय?” शिंपी उठला आणि चपला शोधायला गेला. त्याच्यामागे सगळी रांग गेली.

आत्याचं ऑपरेशन वेळेवर झालं. शुद्धीवर येताच तिने माझा हात धरला आणि एका दमात, न अडखळता विचारलं, “कोलेसिस्टेक्टमी झाली ना?” मला रडू आवरेना.

तेव्हा मंडळी, लांबलचक शब्द ऐकून हात जोडू नका. त्याचे तुकडे पाडा, अर्थ विचारा. विचारल्यावर जो समजावून सांगेल त्याच्याकडे इलाज करून घ्या. जो चिडेल त्याच्या दारातून आपल्या चपला उचला.