जुनं ते सोनं नसतं

खोटं बोलत असेन तर माझे उरलेले सात दात आत्ता इथे, तुमच्यासमोर पडोत. शब्द न् शब्द खरा आहे. मधे थांबवू नका, मला आज तसंही स्वस्थ बसवत नाहीये.

माझी नात भिंगरी. घरात सगळे तिला हेच म्हणतात, एका जागी ठरत नाही म्हणून. बिअरच्या कारखान्यात कामाला आहे. काम काय, तर चार वर्षं टाक्या धुतेय. आत उतरायचं, घासायचं, बाहेर यायचं, पुन्हा पुढच्या टाकीत. स्वतःची बिअर करायची म्हणून जीव जळतो पोरीचा. सुट्टीच्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात मोठं पातेलं चढवते आणि मला गॅसजवळ येऊ देत नाही.

यंदा तिने डबल आयपीए नावाची बिअर केली. आता ही काय भानगड, तर हॉप्स नावाची हिरवी फुलं असतात, वेलीवरची, कडू जहर. साध्या आयपीएत घालतात त्याच्या दुप्पट घालायची. नशाही जास्त. मी म्हटलं, "अगं, औषध करतेयस की बिअर?" तर म्हणते, "आजी, तू फक्त वास घे." घेतला. संत्रं सोलल्यासारखा वास, मागून ओलं गवत. मी गप्प बसले, आणि मी गप्प बसणं ही आमच्याकडे बातमी असते.

कारखान्याच्या मालकीणबाईंनी तिला सांगून टाकलं होतं की बाहेरचा परीक्षक येईल, पन्नासपैकी चाळीस गुण दिले तर मोठी टाकी तुझी, तुझी बिअर तूच करायची. चाळीसला एक जरी कमी पडला, तर ब्रश आहेच. आणि संधी एकदाच.

परवा दुपारी तो यायचा होता. भिंगरी सकाळपासून कामावर. मला फोन केला, "आजी, फ्रीजमधल्या तीन बाटल्या घेऊन ये. झाकणावर दहा तारीख लिहिलीय त्याच."

आता तुम्हीच सांगा. कपाटात आठ महिन्यांपूर्वीच्या, त्याच प्रकारच्या, चार बाटल्या होत्या. दारू जितकी जुनी तितकी चांगली, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मुरांबा मुरतो, लाकूड मुरतं, मी स्वतः मुरलेय. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आणि ही दहा दिवसांचं कोवळं पाणी पाजायला निघालीय. मी कपाटातल्या तीन उचलल्या, झाकणावरची तारीख थुंकी लावून पुसली आणि गार करून पिशवीतून कारखान्यात नेल्या. अति शहाणी, दुसरं काय.

परीक्षक म्हणजे एक लांबुडका माणूस. नाक चेहऱ्याच्या आधी दारातून आत आलं, म्हणून मी त्याला नाकवाले म्हणायला लागले. समोर कागद, पेन, पाणी, कोरडा पाव. वासाला बारा गुण, रंगाला तीन, चवीला वीस, बाकीचे किरकोळ.

"घोट घेऊन थुंकायचं का हो?" मी विचारलं.

"नाही आजी. कडूपणा घशात कळतो. गिळावीच लागते."

"बरी नोकरी आहे."

त्याने ग्लास नाकाशी नेला. खाली ठेवला. परत नेला. मग भिंगरीकडे बघून हळूच म्हणाला, "ओल्या पुठ्ठ्याचा वास."

भिंगरीने ग्लास उजेडात धरला. सोनेरी असायला हवी ती चहासारखी तपकिरी दिसत होती. "ही माझी नाही," म्हणाली. "म्हणजे माझीच आहे, पण जुनी. हॉप्सचा वास महिन्या-दोन महिन्यांत उडून जातो, ही तर केव्हाच मेलीय. मी ही ठेवली होती कशी बिघडते ते बघायला." आणि माझ्याकडे वळली. "आजी?"

माझा पाय टेबलाखाली शिलाई मशीनसारखा चालायला लागला. मी म्हटलं, "झाकण मी पुसलं."

भिंगरीने ग्लास हळूच खाली ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

नाकवाले म्हणाले, "मला वाईट वाटतंय, पण समोर येईल त्याला गुण द्यायचे. सही झाली की कागद बंद."

"सही झालीय का?" मालकीणबाईंनी विचारलं.

"अजून नाही."

"मग दुसऱ्या बाटल्या आणायला माझी हरकत नाही."

त्यांचं वाक्य संपायच्या आत भिंगरी सायकलवर होती. घर अकरा मिनिटांवर, म्हणजे जाऊन येऊन बावीस. नाकवाल्यांना पुढच्या गावी जायचं होतं, सारखे घड्याळ बघत होते. पेनाचं टोपण उघडायचे, लावायचे, पुन्हा उघडायचे. मी सरळ तो कागद ओढला आणि त्याच्यावर बसले.

"आजी, उठा."

"गुडघे धरलेत. उठवत नाही. तोवर ऐका, नाक तुमचं मोठं, पण माझ्या सासऱ्यांपुढे काहीच नाही. बस दोन थांबे लांब असायची तेव्हा ते सांगायचे, कंडक्टरने आज कांदा खाल्लाय."

"काहीतरीच."

"एकदा त्यांना सर्दी झाली तर शेजारचे तीन दिवस दुधापुढे घड्याळ घेऊन बसले. एरवी कुणाचं दूध उतू जाणार, हे तेच आधी ओरडून सांगायचे."

मालकीणबाई खिडकीकडे तोंड करून हसत होत्या. नाकवाल्यांनी पाव खाल्ला, पाणी घेतलं, आणि मग विचारलं, "ते दूध किती आधी कळायचं?" तिथे मला कळलं, मासा गळाला लागला.

एकविसाव्या मिनिटाला भिंगरी आली. केस विस्कटलेले, बाटल्या ओढणीत गुंडाळून पोटाशी धरलेल्या. ओतली. फेस पांढरा, ग्लासला चिकटून राहिलेला. खोलीभर संत्र्याची साल. मीही एक घोट मारला. आधी गोड, मग तो कडूपणा मागच्या खोलीतून सासू यावी तसा आला, आला आणि बसूनच राहिला. कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

नाकवाले लिहीत होते. चेहरा कोरा. मी कागदावरून उठलेच होते, पण उलटा दिसत होता, वाचता येईना. भिंगरी टेबलाची कड नखाने खरवडत होती.

मग त्यांनी पेन ठेवलं आणि म्हणाले, "त्रेचाळीस."

भिंगरी खालीच बसली, फरशीवर.

बरं. इतकं ऐकलंत, तर सांगून टाकते. ते त्रेचाळीस माझ्या मनचे आहेत, आणि पोरीचं ते फरशीवर बसणंही. बाकी सगळं खरं, सासऱ्यांसकट. नाकवाल्यांनी आकडा सांगितलाच नाही. कागदावर सही करून तो पाकिटात घातला आणि "शुक्रवारी कळवतो" म्हणून निघून गेले. आज बुधवार. भिंगरीने काल एकच टाकी तीनदा धुतली आणि माझ्याशी फक्त जेवणापुरतं बोलली. मला आकड्याशिवाय शुक्रवारपर्यंत बसवेना, म्हणून मी एक ठरवून घेतला.