टेबलाच्या पायावर तीन ठोके

शनिवारी सकाळी दहाला डॉक्टरांनी घरी यायचं, हे लेकीने परस्पर ठरवून टाकलं होतं. आणि त्याच आठवड्यात बुधवारी ती पुठ्ठ्याच्या खोक्यात कुत्र्याचं पिल्लू घेऊन माझ्या कारखान्यात उभी राहिली. जुना अजून गेलाही नव्हता आणि बदलीवरचा हजर. मी तेव्हा तोंडात खिळे धरून एका खुर्चीची बैठक ताणत होते, त्यामुळे मला लगेच बोलता आलं नाही. ते तिच्या पथ्यावर पडलं.

"आई, आधी ऐकून घे," ती म्हणाली. "नंतर तुला घर खायला उठेल. म्हणून आत्ताच आणलं. लळा लागायला चार दिवस तरी मिळतील."

मी एकेक खिळा तोंडातून काढून टेबलावर ठेवला. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? मुकादमाच्या जागी आणलंय, असं सरळ म्हण की."

"मुकादमाच्या जागी आणलंय," ती म्हणाली. माझीच लेक आहे.

मी सोफे आणि खुर्च्या भरते. फाटलेलं काढायचं, मोडक्या स्प्रिंगा बदलायच्या, नवा फोम घालून नवं कापड चढवायचं. कारखाना आपला म्हणायचा, आहे ती घराची पुढची मोठी खोली. खाली लाकडी फळ्यांची जमीन आणि मधोमध कापायचं टेबल. त्या टेबलाखाली मुकादम तेरा वर्षं बसत आलाय. रंगाने तांबूस, एक कान दुमडलेला, जात कुठलीच नाही. मी राबते आणि तो बसून बघतो, म्हणून मुकादम. जेवायची वेळ झाली की मी हातोडीने टेबलाच्या पायावर तीन ठोके मारते. ही पद्धत माझ्या सासऱ्यांची, धंदाही त्यांचाच. तीन ठोके पडले की हातातलं काम खाली ठेवायचं, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो. मुकादम जिन्याखाली असो की स्वयंपाकघरात, तिसऱ्या ठोक्याला माझ्यासमोर उभा राहायचा.

या थंडीत त्याचे सांधे धरले. उठताना कण्हायचा. ते काही मला ऐकवेना. फोमच्या तुकड्यांची माझ्याकडे काय कमी? खोलीभर आणि जिन्यापर्यंत तीन बोटं जाड फोम अंथरला, वरून रेक्झिन ताणलं, कडेने खिळे मारले. असं काम मी पैसेवाल्यांच्या दिवाणखान्यातसुद्धा केलं नव्हतं. आणि तिथून पुढे मुकादमाचं बिनसलं.

ठोके मारले तरी येईना. ताट पुढ्यात नेऊन ठेवलं तर खायचा, पण आपणहून उठायचा नाही. पुढच्या पायांनी तासन्‌तास रेक्झिन उकरत बसायचा. इतकी मऊ गादी सोडून दगडात बसवलेल्या उंबऱ्याच्या उघड्या लाकडावर हनुवटी टेकून पडायचा. शेजारचा चष्मेवाला म्हणाला, "जनावराला कळतं हो. दाराकडे तोंड करून वाट बघतोय." मी त्याला म्हटलं, आधी स्वतःच्या चष्म्याचा नंबर तपासून घे. पण त्या रात्री दोनदा उठून मी त्याचा श्वास बघून आले.

मग एक दिवस लेक मागून आली, वाकली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो दचकून वळला आणि त्याने तिच्या मनगटाला दात लावले. रक्त आलं नाही. पण शाळेत असताना दप्तरात लपवून याला घरी आणणारी तीच होती. मनगट धरून ती जमिनीवरच बसली आणि रडली.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला स्टीलच्या टेबलावर उभं केलं. पाठीमागे, त्याच टेबलावर, एक वाडगा आपटला. मुकादमाने झटकन वळून पाहिलं.

"कान शाबूत आहेत," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे ऐकू येतं, पण त्याचा अर्थ लागत नाही. डोकं थकलंय, मावशी. हे आता वाढतच जाणार, आणि घाबरलेलं जनावर चावतं. त्याला शांत झोपवावं, असं मला वाटतं."

लेकीने मान हलवली. मी हलवली नाही, आणि तसं तिथेच सांगितलं. बाहेर बसलेल्या सगळ्या मांजरवाल्यांनाही ते ऐकू गेलं, असं लेक नंतर म्हणाली.

तर असं ते पिल्लू आलं. काळं, चारही पंजे पांढरे, दोन महिन्यांची पोर. खोक्यातून बाहेर पडल्या पडल्या तिने माझ्या अंगठ्यात दात रुतवले, म्हणून तिचं नाव टाचणी. मी मनाशी ठरवलं, आली आहे तर राहू दे, पण मुकादमाच्या जागेवर नाही. राहील ती त्याच्या हाताखाली. ताट पहिलं त्याचं, टेबलाखालची जागा त्याची, आणि शनिवारी दहाला काय करायचं ते मी बघून घेईन. कसं, ते मात्र मला ठाऊक नव्हतं.

पोर म्हणजे नुसता उच्छाद. मोजपट्टी तोंडात धरून घरभर पळाली. बैठक काढलेल्या खुर्चीवर ऐटीत उडी मारली आणि चौकटीतून खाली पडली. लगेच पुन्हा तीच उडी मारली. सुतळीचा गुंडा सोडून स्वतःलाच त्यात गुरफटून घेतलं आणि मदतीसाठी माझ्यावरच भुंकली. मग तिला मुकादमाचं शेपूट दिसलं. मागून धावत जाऊन तिने ते पकडलं. मुकादम उसळून उभा राहिला, हवेत दात वाजले, आणि टाचणी पोट वर करून आडवी झाली. मी हातातली कात्री टाकून धावले. पण त्याने तिला नुसतं हुंगलं, थोडा वेळ तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली बसला.

त्यानंतर ती एकदाही त्याच्या मागून गेली नाही. लांबून वळसा घालायची, त्याच्या डोळ्यांसमोर येऊन बसायची, त्याने बघितलं की मगच अंगावर चढायची. मग तो तिला कान ओढू द्यायचा, मिशा चावू द्यायचा, आणि फारच झालं की तिच्या मानेवर पंजा ठेवून तिला खाली दाबायचा. ती त्या पंजाखालीच झोपून जायची. दोन महिन्यांच्या पोरीला एका दिवसात जे कळलं, ते आम्हा शहाण्यांना महिनाभर कळलं नव्हतं. मी ते नुसतं बघितलं. कळलं तेव्हाही नाहीच.

गुरुवारी लेकीचा फोन आला. "चावला का तिला?"

"नाही. शिकवतोय."

"आई, शनिवारचं लक्षात आहे ना?"

"माझं डोकं नाही थकलेलं," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

शुक्रवारी मी मागच्या खोलीत मशीनवर खोळी शिवत होते. पुढे फारच शांतता होती. लहान मूल आणि पिल्लू शांत असलं की समजावं, काहीतरी निस्तरायचं आहे. जाऊन बघते तर खोलीभर पिवळ्या फोमचा चुरा. टेबलाभोवतीचं रेक्झिन टाचणीने कोपऱ्यातून फाडलं होतं आणि दुसरं टोक दातात धरून मुकादम ओढत होता. म्हातारा, डोकं थकलेला, शनिवारी जायचा असलेला मुकादम. चारही पाय रोवून तो जिवाच्या आकांताने ओढत होता. महिनाभर तो नखांनी हेच करत होता, पण ताणून बसवलेलं रेक्झिन त्याच्या झिजलेल्या दातांना सुरुवात करून देत नव्हतं. सुरुवात पोरीने करून दिली.

मी चप्पल उगारली. दोघांपैकी कोणी माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. मुकादमाने तोंडातली पट्टी टाकली आणि उघड्या पडलेल्या फळ्यांवर जाऊन तो आडवा झाला, पोट, हनुवटी, पंजे, सगळं लाकडाला चिकटवून. त्याने डोळे मिटले आणि लांब श्वास सोडला.

माझा राग कुठेतरी काढायलाच हवा होता. जेवायची वेळ झालीच होती. हातोडी उचलून मी टेबलाच्या पायावर दणकन घाव घातला.

मुकादमाने डोळे उघडले.

दुसऱ्या ठोक्याला तो पुढच्या पायांवर उठला. मागचे पाय लटपटले, पण त्याने ते गोळा केले. तिसऱ्या ठोक्याला तो माझ्यासमोर उभा होता, आणि जेवण कुठाय म्हणून माझ्या हाताकडे बघत होता.

मी त्याच्या मागे जाऊन जोरात टाळी वाजवली. कान हलला नाही. मुकादम म्हणून हाक मारली, मग ओरडले. काही नाही. टाचणी तेवढी भुंकायला लागली. मग मी टाचेने फळीवर हलकेच ठोकलं आणि तो लगेच वळला.

मी तिथेच, त्या चुऱ्यात बसले. याला ऐकू येत नव्हतं. किती महिन्यांपासून, देव जाणे. हातोडीचे ठोके, माझं चालणं, लेकीचं येणं, सगळं तो फळ्यांतून पंजांनी ऐकत होता, आणि इतकं चोख ऐकत होता की आम्हाला कान गेल्याचा पत्ताच लागला नाही. दवाखान्यात तो वाडगाही त्याच टेबलावर आपटला होता, ज्यावर तो उभा होता. आणि मी काय केलं होतं? त्याची उरलीसुरली वाट तीन बोटं जाड फोमने बुजवली होती. वरून खिळे मारले होते. अति तिथे माती म्हणतात, ती माती माझ्या हातची होती. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. दुपारभर मी एकेक खिळा उपसला आणि सगळी गादी उखडून बाहेर टाकली. टाचणी मदत करत होती, म्हणजे प्रत्येक तुकडा परत आत आणत होती.

शनिवारी दहाला डॉक्टर बॅग घेऊन आले, मागे लेक. तिचे डोळे आधीच सुजलेले होते. मी दारात उभी होते. माझ्या हातातली हातोडी बघून डॉक्टर पायरीवरच थांबले.

"मावशी, आपण बसून बोलू या का?"

"बसायचं नंतर. आधी टाळी वाजवा."

त्यांनी वाजवली. हाकही मारली. मुकादम टेबलाखाली पाठ करून पडला होता, तो तसाच पडून राहिला. मी हातोडी लेकीच्या हातात दिली. "आता तू. टेबलाच्या पायावर."

"आई, हे काय आता..."

"मार म्हटलं ना."

तिने मारला, अगदी हळू. मुकादमाची मान वर आली. दुसरा मारला. तिसऱ्याला तो तिच्यासमोर उभा होता. ज्या मनगटाला दात लावले होते, ते त्याने हुंगलं आणि तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. लेकीच्या हातातून हातोडी गळून पडली.

डॉक्टर मुकादमाजवळ बसले, कान तपासले, फळीवर बोटाने ठोकून बघितलं. मग म्हणाले, "माझी चूक झाली. टेबलावर वाडगा आपटायला नको होता." माणूस खरा निघाला, हे मी मान्य करते. "पण सांधे गेलेतच, मावशी. वयही आहे. फार फार तर वर्षभर."

"मग वर्षभर," मी म्हटलं. "जायचं तेव्हा तो जाईल. तुमच्या दहा वाजता नाही."

डॉक्टरांनी बॅग उघडली आणि सांध्यांच्या गोळ्या लिहून दिल्या. मी त्याच दुपारी त्याच्यासाठी नवी बैठक केली. फोम नाही. एका फळीवर काथ्याचा पातळ थर आणि वर जाड कापड, इतकंच. ठोका आरपार जातो, आधी स्वतः वर झोपून बघितलंय.

त्या शनिवारनंतर नऊ शनिवार गेले. टाचणी आता मुकादमाच्या खांद्याला लागते. तिचे कान चांगले आहेत, डॉक्टरांनी दोनदा तपासलेत. पण हाक मारली तर ती ढिम्म हलत नाही. ओरडा, शिट्टी वाजवा, ताट वाजवा, उपयोग नाही. मुकादमाशेजारी हनुवटी फळीवर टेकून पडून राहते आणि ठोक्याची वाट बघते.

"आई, हिला हाकेला यायला शिकव," लेक काल म्हणाली. "लोक म्हणतील, ही पण बहिरी आहे."

"म्हणू देत," मी म्हटलं आणि हातोडी उचलली.

तिसऱ्या ठोक्याला दोघं आले. मुकादम पुढे, लंगडत, आणि जिला एका उडीत पोचता आलं असतं, ती त्याच्या मागून, त्याच्या चालीने.