आकेंच्या खिशातला सेल

आमच्या आकेंनी बिश्केकच्या दोर्दोय बाजारातून स्वतःच्या अकलेने बॅटरीचे सेल विकत आणले, तेव्हा मी माझ्या दुकानात कपाळाला हात लावला.

आके म्हणजे माझे वडील, दोरोनबेक. बिश्केक ते नारीन बस चालवण्यात त्यांची हयात गेली आणि प्रत्येक घाटात सिगारेटी फुंकण्यात छाती गेली. मागच्या शरदात हृदयाने इशारा दिला. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "अक्साकाल, सिगारेट चालू ठेवलीत तर धाकट्या मुलाचं लग्न बघायला तुम्ही नसाल," म्हणाल्या. अक्साकाल म्हणजे पांढऱ्या दाढीचा, मानाचा म्हातारा. धाकटा म्हणजे माझा भाऊ तिलेक. मी थोरली, बुरुल. माझं लग्न होऊन बरीच वर्षं झाली.

व्हेपचं, म्हणजे त्या वाफेच्या यंत्रांचं, माझं दुकान आहे, त्यामुळे आकेंना सिगारेटपासून तोडायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. ती वाफ काही अमृत नाही, हे मला माझ्या ग्राहकांपेक्षा जास्त ठाऊक आहे. पण औषधी पट्ट्या झाल्या, गोळ्या झाल्या, दरवेळी आके आठवड्याच्या आत कुंपणामागे धूर काढताना सापडत. शेवटी मी त्यांना एका सेलवर चालणारं साधं यंत्र दिलं, दोन अस्सल सेल दिले आणि घरी चार्जर लावून दिला. तर हे महाशय बाजारात जाऊन आणखी दोन घेऊन आले, लालभडक.

"हे बघ," माझ्या टेबलावर ते आपटत आके म्हणाले, "तुझ्या सेलवर तीन हजार लिहिलंय. यावर नऊ हजार नऊशे. किंमत निम्मी. सख्ख्या बापाला गंडवतेस होय?"

"आके, एवढ्या सेलमध्ये साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांच्या फार वर वीज कुणालाच भरता येत नाही. नऊ हजार छापणाऱ्याने तुम्हाला मेंढरू समजून विकलाय."

"छापलंय ना पण."

"तुमच्या बसमध्येही छापलं होतं, धूम्रपान करू नये म्हणून."

आके गालात हसले, पण हट्ट सोडेनात. मग मी त्यातला एक लाल सेल वजनकाट्यावर ठेवला. माझ्या सेलपेक्षा बराच हलका भरला. वरचं लाल वेष्टण नखाने सोललं, तर खाली दुसरं वेष्टण निघालं, करड्या रंगाचं आणि तोंडाशी फाटलेलं. कुठल्या तरी मोडक्या लॅपटॉपमधून उपसलेला जुना सेल होता तो. हा आके तोंडाजवळ धरणार होते.

"नीट ऐका," मी म्हटलं. "सेलमध्ये किती मावतं हे नंतर विचारायचं. आधी विचारायचं, न तापता तो किती जोराने वीज देऊ शकतो. यंत्रातली तापणारी तार हावरट असते, एका झुरक्यात भसकन ओढते. लॅपटॉपच्या सेलला ते झेपत नाही. दुसरं, हे वेष्टण. सेलचं सगळं अंग म्हणजे एक टोक आणि वरची टिकली म्हणजे दुसरं. मध्ये काय आहे? हा कागदासारखा पापुद्रा. तो फाटला की सेल टाकून द्यायचा, चिकटपट्टी लावत बसायचं नाही."

"आणि?"

"आणि सुटा सेल खिशात टाकायचा नाही. ही प्लास्टिकची डबी घ्या. किल्ली असो, नाणं असो, धातू लागला की दोन्ही टोकं एक होतात. मग आतली सगळी आग एका दमात बाहेर येते."

"एवढ्याशा वस्तूत?"

"एवढ्याशाच वस्तूत."

आकेंनी डबी उलटसुलट करून पाहिली आणि कोटाच्या खिशात टाकली. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांना म्हणाले, "मुलगी नाही, ट्रॅफिक पोलीस आहे."

पण ऐकलं त्यांनी. अख्खा हिवाळा आणि वसंत सिगारेटला शिवले नाहीत. माझा मामा, कुबात ताके, आकेंना जेझदे म्हणतो, म्हणजे बहिणीचा नवरा, आणि त्या नात्याने त्यांना छळायचा परवानाच त्याला मिळालेला आहे. "जेझदे, तुम्ही माणूस आहात की किटली?" असं तो रोज विचारायचा. आके त्याच्या तोंडावर जर्दाळूच्या वासाची वाफ सोडायचे. पायऱ्या चढताना त्यांना धाप लागेनाशी झाली, आणि मी रात्रीची नीट झोपायला लागले.

मग तिलेकचं लग्न आलं. आके ते बघायला होते, नव्या सुटात, डोक्यावर पांढरी कडक टोपी, चेहरा असा की लग्न त्यांचंच आहे. सोकुलुक गावातल्या आमच्या अंगणात चाळीसेक माणसं दाटली होती. नवरी गाडीतून उतरली तशी आई परात घेऊन पुढे झाली आणि तिने चाचिला उधळला. चाचिला म्हणजे गोड गोळ्या, खडीसाखर आणि सोमची, म्हणजे आमच्या चलनाची, नाणी. ती मुठी भरभरून जोडप्यावर उधळायची आणि पोराटोरांनी तुटून पडून वेचायची. बायकाही वेचतात. शुभकार्यातलं नाणं खिशात ठेवलं की तेच शुभ आपल्याही घरी येतं, असं आमच्यात मानतात. ज्यांची कूस उजवत नाही त्यांनी तर नवरीच्या पायाशी पडलेलं नाणं सोडू नये म्हणतात.

मी चहाच्या समोवाराच्या मागे जाऊन उभी राहिले. पूर्वी मीही वाकून वेचायची. आता नाही. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी मला आणि माझ्या नवऱ्याला समोर बसवून सांगितलं होतं की आता आशा धरू नका. हे आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. काकू-माम्यांनी मला कोपराने ढोसून "जा गं, वाक ना" म्हणायच्या आत मी तिथून सटकले, एवढंच.

समोवाराआडून पाहते तर पोरांच्या गर्दीत एक पांढरी टोपी. आके. अक्साकाल माणूस, नवऱ्या मुलाचा बाप, गुडघ्यांवर रांगत नाणी वेचतोय. व्याही तोंडाला रुमाल लावून हसत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारपणी ही कसली हाव, असंच मनात आलं माझ्या. आकेंनी मूठभर नाणी विजारीच्या खिशात कोंबली, उठले, धूळ झटकली आणि माझ्याकडे बघून हसले.

दोन-तीन पावलं आले असतील. मग थांबले आणि मांडीवर हात चोळला. "काहीतरी गरम लागतंय," असं अगदी साध्या आवाजात म्हणाले.

फुस्स असा आवाज झाला. खिशातून पांढरा धूर निघाला आणि त्याच्या मागोमाग ज्वाळा, गॅसच्या शेगडीचा बर्नर उघडावा तशी, सरळ बाहेर. कुणी हलेना. झुरना, म्हणजे आमची सनई, वाजवणाऱ्याने फुंकलेला सूर तसाच धरून ठेवला होता. त्या अंगणात काय जळतंय ते फक्त मला कळलं. मटणाच्या ताटातली सुरी उचलली, आकेंना आडवं पाडलं, कमरेपासून विजार फाडली आणि सगळ्या व्याह्यांदेखत माझ्या बापाच्या अंगावरून ओढून काढली. लेकीने बापाला असं उघडं करणं आमच्यात अघोरी समजतात. आई किंचाळली नाही, तिने नुसते डोळे मिटले. विजार लांब फेकली, तर ती गवतावर पडून फडफडत जळत राहिली. कुबात ताकेने आकेंच्या मांडीवर पाण्याची बादली ओतली आणि मग दुसरी.

डबी नंतर सापडली, घरात, त्यांच्या रोजच्या कोटात. नव्या सुटाचा खिसा डबीने फुगतो म्हणून त्यांनी जादा सेल तेवढा सुटा घेतला होता.

इस्पितळात मांडीवर दुसरीकडची कातडी लावली. आके शुद्धीवर होते. पण डॉक्टरांना काळजी मांडीची नव्हती, हृदयाची होती. "हा धक्का सोसलाय त्यांनी," म्हणाले, "पण आता सिगारेट एकसुद्धा नको." मी मान हलवली. ज्या यंत्राने त्यांची सिगारेट सोडवली त्याच्याच सेलने त्यांना भाजलं होतं, आता कुठल्या तोंडाने ते यंत्र पुन्हा हातात देऊ?

मी खोलीत गेले तर कुबात ताके पलंगाशी बसला होता. त्याने उशीखाली सिगारेटचं पाकीट सरकवलेलं मी पाहिलं.

"ताके, काय चाललंय?"

"बिचारा तळमळतोय," ताके म्हणाला. "निदान सिगारेट विजार तरी जाळत नाही. तुझ्या त्या खेळण्याने काय केलं बघितलंस ना? हात जोडतो, बुरुल, माणसाला सुखाने दोन झुरके घेऊ दे."

मी ताकेला सोडून आकेंवरच भडकले. "तुम्हाला सांगितलं होतं ना, आके? दहादा सांगितलं होतं. नाणी! नाणी कशाला वेचत होतात तुम्ही? काय कमी पडलंय घरात? पोराटोरांत रांगायचं वय आहे का हे?"

छताकडे बघत आके म्हणाले, "तू गेली नाहीस ना वेचायला."

मी त्यांचं पांघरूण सारखं करायला लागले.

"समोवारामागे लपलीस," ते म्हणाले. "मागच्या खेपेला तुझ्या आतेबहिणीच्या लग्नातही लपलीस. मी बघतो गं. मी सैराला विचारलं, लेकीसाठी बापाने वेचलं तर चालतं का. ती म्हणाली, नवरीच्या पायाजवळचं असलं तर चालतं. म्हणून अगदी तिथून घेतली. त्या पोरट्यांशी भांडून."

सैरा म्हणजे माझी आई. म्हणजे मी लपते हे तिलाही माहीत होतं. त्या दिवशी अंगणात त्यांच्याकडे बघून मनात जे आलं होतं, ते आठवून मला आत्ता, या क्षणी, जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

त्यांनी पांघरुणातून हात काढला. आईने जळक्या विजारीतून काढून आणलेली नाणी नर्सने गॉजच्या तुकड्यात बांधून दिली होती. काळी पडलेली, आणि त्यातली दोन एकमेकांना वितळून चिकटलेली. "थोडी जळाली," आके म्हणाले, "पण चालतील. चालतात ना?"

"चालतात," मी म्हटलं.

मी ती ओढणीच्या टोकाला बांधली, आमच्या बायका बांधतात तशी, घट्ट गाठ मारून. आके टक लावून बघत होते, गाठ सैल तर राहत नाही ना म्हणून. मग त्यांनी उशीखालून पाकीट काढलं आणि ताकेच्या छातीवर फेकलं.

"उचल हे. आणि तिचं ते यंत्रही घरात नको आता," ते म्हणाले. "कुबात, अक्कल आहे का तुला? आई होणाऱ्या बाईपुढे धूर काढतात होय?"

ताकेने माझ्याकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि घाईघाईने पाकीट खिशात टाकलं. त्याचे डोळे भरून आले. आकेंनी समाधानाने डोळे मिटले होते, आणि गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी मला काय सांगितलंय ते मी त्यांना या जन्मात सांगणार नाही.