उपाशीपोटी वाढलेली साखर

कचरू जालना एमआयडीसीतल्या एका स्टील कारखान्यात क्रेन चालवायचा. महिनाभर त्याची उपाशीपोटीची साखर वाढलेलीच निघत होती.

“कशाची धास्ती घेतलीय का?” डॉक्टरांनी विचारलं. “माणूस घाबरला की अंगात ॲड्रेनलिन सुटतं आणि लिव्हर साठवलेली साखर रक्तात सोडतं.”

कचरू खाली बघत म्हणाला, “क्रेनची साखळी झिजलीय, साहेब. खाली माणसं काम करून राह्यलेत. मालक बिलकुल ऐकत न्हाई.”

दुपारी तो पाळीवर गेला, पण क्रेनवर चढला नाही. मालकानं दुसऱ्याला चढवलं. कचरूनं ओरडत खालच्या माणसांना बाहेर ढकललं. वितळलेल्या लोखंडाची बादली वर गेली आणि साखळी कडाडून तुटली.

कचरूनं बाहेरची माणसं मोजली. खालच्यांपैकी एक जण कमी होता.