बोटाएवढा तुकडा

मी एक जुना शाफ्ट आहे. हो, शाफ्टच! नाव ऐकून तोंड वाकडं करू नका, मित्रांनो. जीपच्या पोटाखाली लांब लोखंडी नळी फिरते ना, ती म्हणजे मी. इंजिनाचं बळ मागच्या चाकांना मीच पोचवतो. मी नसतो तर ते इंजिन जागच्या जागी गुरगुरत बसलं असतं.

कारखान्यात घडवल्यावर मला फिरवून पाहिलं. एका बाजूला किंचित जड भरलो, म्हणून दुसऱ्या बाजूला बोटाएवढा लोखंडी तुकडा वेल्डिंग केला. दिसायला ओबडधोबड, पण माझा सगळा तोल त्याच्यावर. मग पंचवीस वर्षं मी धामणगाव बढे ते मलकापूर अशा खेपा केल्या. आमचे मालक गुलाबराव न चुकता माझ्या सांध्यांत ग्रीस भरायचे. "गुलाबरावच्या जीपमधी पोटातलं पाणी हालत नाही," असं लोक म्हणायचे आणि मी फुगून जायचो.

यंदा एप्रिलमध्ये मात्र घात झाला. जयंतीच्या मिरवणुकीत बाबासाहेबांची तसबीर दरवर्षी आमच्याच जीपवर असते. गुलाबरावांनी जीप धुतली, पुसली, मग पाठीखाली पोतं टाकून खाली शिरले. "जयंतीची गाडी हाय, खालूनही चकाचक पाह्यजे!" असं म्हणत छिन्नीनं माझ्यावरचा वाळका चिखल खरवडू लागले. माझा तो गंजलेला तुकडाही त्यांना चिखलच वाटला. दोन ठोके घालून उडवला! मी ओरडणार कसा? वरून काळा रंग फासून ते खुशीत बाहेर आले.

मिरवणूक पायी चालणाऱ्यांच्या वेगानं निघाली, म्हणून कुणाला काही कळलं नाही. कळलं ते मंगळवारी.

गुलाबरावांच्या पत्नी भिमाबाई यांच्या किडन्या निकामी झाल्या आहेत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिससाठी त्यांना मलकापूरला न्यावंच लागतं. मोताळ्याच्या पुढं गाडीनं वेग धरला आणि मी थरथरायला लागलो. बाक हादरला, काचा खडखडल्या. परतीच्या वाटेवर भिमाबाईंना दोनदा ओकारी झाली. त्या कळवळत होत्या आणि मला काही थांबता येईना. फार लाज वाटली हो!

गुलाबरावांनी टायर बदलले, इंजिनाखालची रबरं बदलली. थरथर जाईना. शेवटी वैतागून म्हणाले, "म्हातारी झाली गाडी. भंगारातच घालतो."

"गाडीले काऊन बोल लावता?" भिमाबाई म्हणाल्या. "मीच म्हातारी झाली. मले नाही झेपत आता. नका नेऊ."

"एसटीनं जाऊ."

"कशानंच नाही."

दोन खेपा चुकल्या. त्यांचे पाय सुजले, धाप लागू लागली. अंगणात उभ्या जीपखाली मी ती धाप ऐकत असायचो. चूक माझी नव्हती, तरी जीव कासावीस व्हायचा.

एसटीत बसायचंही त्राण त्यांच्यात उरलं नाही, तेव्हा घाबरलेले गुलाबराव पुंजाजी मिस्त्रींना घेऊन आले आणि गाडी म्हातारी झाली म्हणून सांगू लागले. पुंजाजींनी माझ्या अंगावरून तळहात फिरवला आणि तो एका जागी थांबला.

"गुलाबराव, इथं एक तुकडा राह्यते. कुठी गेला थो?"

गुलाबराव हळूच म्हणाले, "थो त म्याच उडवला. चिखल वाटला मले."

"वा रे वा! अन् बोल म्हातारपणाले?"

पुंजाजींनी मला काढून मलकापूरला नेलं, मशीनवर फिरवलं, नवा तुकडा वेल्डिंग करून आणला आणि संध्याकाळपर्यंत परत बसवलं. दोष म्हातारपणाचा नव्हता हे कळल्यावर भिमाबाई यायला तयार झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मागच्या बाकावर निजवून आम्ही निघालो. मोताळा सुटला तरी गुलाबरावांचा पाय काही पुढं दबेना. तेव्हा भिमाबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "हाणा नं आता! भेता काऊन?"

गुलाबरावांनी हाणली. मी जीव तोडून फिरलो, पण सरळ फिरलो.

दवाखान्यात डॉक्टर फार रागावले. आणखी एक खेप चुकली असती तर हाती काही उरलं नसतं, म्हणाले. भिमाबाईंची सूज अजून पुरती उतरलेली नाही, पण त्यांची खेप आता चुकत नाही. गुलाबरावांनी माझ्या नव्या तुकड्याला निळा रंग दिला आहे, पुन्हा कुणाची छिन्नी त्याच्यावर पडू नये म्हणून.

मित्रांनो, गाडी असो की माणूस, म्हातारं झालं म्हणून सोडून देण्याआधी जरा खाली वाकून बघा. त्याचं काही आपल्याच हातानं तर उडवलं नाही ना?