काजाखालचं एकुलतं बटण

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. जुनी म्हणजे टाकाऊ नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. शर्टांच्या कारखान्यात कापड बेतायचं टेबल मोडलं, तेव्हा मालकीणबाईंनी मला सरपणात जाऊ दिलं नाही. रंग दिला, खिळे ठोकले आणि दाराशेजारी टांगलं. डावीकडे माणसांची नावं; वर कामांची: बेतणं, कॉलर, बाही, काज म्हणजे बटणाचं भोक, आणि इस्त्री. ज्याला जे येईल त्या खिळ्यावर बटण. शिकत असेल तर पांढरं, एकट्याला जमत असेल तर निळं, दुसऱ्याला शिकवता येत असेल तर लाल.

बटण फुकट मिळत नसे. सगळ्यांसमोर काम करून दाखवायचं. सोबतचे शिवण उलटसुलट करून बघत, मगच मालकीणबाई बटण अडकवत. त्या दिवशी माझा काय तोरा असे!

पण माणसांची खोड सांगते. जो तो आपली आडवी ओळ तेवढी बघे. माझी बटणं किती, शेजारणीची किती. वरून खाली कुणी बघेना. काजाखाली एकच बटण होतं, काजवाल्या मावशींचं, लाल. बाकी खिळे उघडे. पुढे त्या खिळ्यांवर लोक पिशव्या टांगू लागले. माझ्या तोंडावर पिशव्या!

मावशींचं बटण लाल, पण शिकवलं कुणालाच नाही. कुणी मशीनजवळ आलं की डोळे वटारायच्या. आपल्यावाचून अडतं, याचंच त्यांना सुख.

एका सकाळी त्यांच्या लेकीचा निरोप आला. बाळंतपण जवळ आलंय, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय, आई, लवकर ये. मावशी रजा मागायला आल्या.

"जा की," मालकीणबाई म्हणाल्या. "पण काजं कोण करणार?"

"ते मला काय विचारता?"

"मग कुणाला विचारू?" मालकीणबाईंनी पिशव्या खाली ढकलल्या आणि काजापासून बोट सरळ खाली आणलं. ते एकाच बटणापाशी अडलं. "मीही आजवर असं वरून खाली बघितलं नाही, हे खरं. पण दार तुम्हीच लावून घेतलंत, मावशी."

मावशींनी मागे वळून चक्क इस्त्रीवालीला हाक मारली. दोघींचं कधी पटलं नव्हतं.

"बस इथं. शिकवते."

"मी? माझ्या हातून कापड जळतं म्हणायचात ना?"

"जळतंच. म्हणून तर जपून करशील. बस!"

चिंध्यांचा ढीग पडला, दोघींची खडाजंगी झाली, पण काज साधलं. सगळ्यांसमोर मावशींनी त्यावर नख फिरवलं. "दोरा धरून बसलाय," म्हणाल्या आणि निळं बटण स्वतःच्या हातानं माझ्यावर अडकवलं.

"मशीनला तेल घालत जा."

"घालते हो. तुम्ही निघा आधी, लेक वाट बघतेय."

नात झाल्याचं कळलं, तेव्हा इस्त्रीवालीनं बाळाच्या इवल्याशा सदऱ्याला काजं केली आणि कुणाला न दाखवता घडी घालून ठेवली. मी मात्र बघितलं.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, पिशव्या दुसरीकडे टांगा. आणि मला आडवं वाचता तसं उभंही वाचा. कुठं एकटं लाल बटण दिसलं, तर कौतुक मागाहून करा. आधी विचारा, हिला घरी जायचं झालं तर?