तिरपी बाजू पाया धरून

शिंप्यानं उत्तरपत्रिका टेबलावर आडवी फिरवली, आणखी एक वळसा दिला, आणि त्रिकोणाच्या तिरप्या बाजूवर वीत टेकवली.

“हात लावायचा नसतो,” तपासनीस बाई म्हणाल्या.

फेरतपासणीच्या खोलीत येणारे पालक दोन प्रकारचे. भांडणारे आणि रडणारे. हा कुठल्याच रकान्यात बसेना. त्याची मुलगी गणितात दोन गुणांनी नापास झाली होती, आणि ते दोन गुण अडले होते याच प्रश्नावर: पाया म्हणजे काय ते सांगून त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढा.

उत्तरसूचीत एक ओळ होती, पाया म्हणजे खालची बाजू. मुलीनं अर्धं पान भरलं होतं. त्रिकोणात जिच्यावर उंची मोजतो ती बाजू. घातांकात जी स्वतःशीच गुणत जातो ती संख्या. अंक लिहिताना किती झाले की पुढचं घर उघडायचं ती संख्या, आपल्याकडे दहा. म्हणून पाया खालीच असतो असं नाही, कशाच्या आधारानं मोजायचं ठरवलं तो पाया. मग तिरपी बाजू पंधरा, तिच्यावरची उंची आठ, उत्तर साठ. खाली लाल शाईत शेरा: पाया चुकला. शून्य.

बाईंनी सूचीतलं गणित मनात करून पाहिलं. पाया दहा, उंची बारा, त्याचं निम्मं. साठच.

“उत्तर आलंय, पण रीत वेगळी आहे,” त्या म्हणाल्या. पण वाक्य त्यांचं त्यांनाच ढिलं वाटलं.

“आम्ही कळ्या लावतो, बाई. तीन कोपऱ्यांचा तुकडा. कुठल्याही बाजूनं मापा, कापड तेवढंच लागतं.”

तो हे विजयानं म्हणाला असता, तर बाईंना बरं वाटलं असतं. त्याचा चेहरा उसवल्यासारखा झाला होता.

हळूहळू बाकीचं बाहेर आलं. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं मुलीला दुकानातल्या दुसऱ्या मशीनवर बसवलं होतं आणि कारागिराला रजा दिली होती, कायमची. पोरीचा हात इतका साफ, की गिऱ्हाइकं आता तिच्याच हातचं मागत. ती मात्र रोज काजं करता करता एकच घोकायची, बाबा, माझं चुकलेलं नाही, एकदा बघून या ना. अर्जही तिनंच भरला. यानं सही केली ती कटकट मिटावी म्हणून. चूक डोळ्यांनी बघून यायची, की विषय संपला.

बाईंनी शून्य खोडलं, दोन लिहिले, शिक्का मारला.

“पास झाली. पुढचे प्रवेश शुक्रवारी बंद होतात. पत्र आज टपालात टाकते.”

शिंपी शिक्क्याची शाई वाळेपर्यंत तिकडेच बघत राहिला.

“घरी नका पाठवू. मी येऊन नेईन.”

“कधी?”

“सवडीनं. सध्या कामाची घाई आहे.”

अर्जावर मुलीच्या गोल अक्षरात पत्ता होता. पालक स्वतः नेत असतील तर कार्यालयाची हरकत नसे, नियमात तशी सोय होती. बाईंनी पत्त्यावर रेघ मारली. रेघ मारल्यावर त्यांनी विचारलं,

“तिला काय सांगाल?”

“बघून आलो, म्हणून सांगेन,” तो म्हणाला, आणि सही कुठं करायची ते विचारलं.